ओल्या केसाची गाठ

पांढरा, मळकट, सुपारीएवढा गोळा... फरशीवर पडला तेव्हा आवाज असा झालाच नाही, तरी मनुबाईनं पायाचा अंगठा चटकन मागं घेतला. केसच होते, दुसरं काय असणार! पण केस असे अंगाबाहेर, उन्हात, एकटे पडलेले बघितले की ती नजर दुसरीकडं वळवायची. हात आपसूक पदराखाली मानेमागं गेला, जटेचं बूड चाचपून परत मांडीवर आला. आहे. जाईल कुठं! सदतीस वर्षं मुक्काम ठोकून बसलेली ती, एवढ्यातेवढ्यानं उठतेय थोडीच.

"एक सुटली," अक्षता म्हणाली. "अजून दोन आहेत. कानामागची लय चिवट आहे."

अक्षता म्हणजे मनुबाईच्या थोरल्या भावाची, आप्पासाहेबाची लेक. सांगलीत विश्रामबागेला दोन खोल्या, मागं हातभर अंगण, त्या अंगणात पोतं अंथरून ती पाय फाकून बसली होती. सहावा महिना, मांडी घालून बसणं आता जमत नव्हतं. पुढ्यात कुत्रं. तिचा नवरा मिलिंद कुपवाडच्या एका वर्कशॉपात कामाला. तिथला मालक पुण्याला राहायला गेला आणि हे झुलपांचं कुत्रं मिलिंदच्या गळ्यात बांधून गेला. नाव म्हणे टायगर. आठ दिवसांपूर्वी आष्ट्याहून एस्टीनं आली तेव्हा मनुबाई पदर तोंडाला लावून हसली होती, "वाघ म्हणं! कापसाचा बोळा हाय नुसता." टायगरनं ते मनावर घेतलं नसावं. त्या दिवसापासून तो तिच्याच पायाशी झोपत होता.

ऊन पाठीवर बसलं होतं. माघाचं ऊन, गोड, आईनं गोधडी टाकावी तसं. शेजारच्या घरात रविवारचा टीव्ही लागलेला, त्यातलं शब्द म्हणून काही कळत नव्हतं, नुसती गुणगुण येत होती. भिंतीवर शेजाऱ्यांची पिवळी मांजर मागचा पाय आभाळाकडं करून स्वतःला चाटत होती... तिचं बरं. तिला ना फणी लागत, ना माणूस. अक्षताची बोटं चालली होती — डाव्या हाताच्या चिमटीत केसांचं मूळ धरायचं म्हणजे ओढ कातडीपर्यंत पोचत नाही, वर पावडर भुरभुरायची, आणि उजव्या हातानं फणीच्या टोकानं शेंड्याकडून थोडं थोडं, एकेक केस विनवून काढल्यासारखा. कर्र... कर्र... मनुबाईचे डोळे मिटत होते, उघडत होते. माझ्या डोक्यात असा आवाज कवा झाला हुता? कवा तरी झाला असंल. आठवत न्हाई.

कालपासून डोकं असंच तरंगत होतं. काल रात्री जेवणं झाल्यावर अक्षतानं एकदाच विचारलं होतं. ताट उचलताना, तिच्याकडं न बघता. "आत्या, डॉक्टर काय म्हणाले ते तू ऐकलंस. मानेवरचा भार उतरला नाही तर हात असाच बधिर होत जाणार. तू हो म्हण, मी स्वतः सोडवते, कुणाला बोलवत नाही. नाही म्हण, तर नाही. उद्या संध्याकाळच्या आत सांग. मी परत विचारणार नाही." आणि खरंच परत विचारलं नाही. पोरगी बापावर गेली होती. एकदा बोलली की दगडावरची रेघ.

हात बधिर व्हायचा हे खोटं नव्हतं. परवा चहाचा कप हातातनं सुटला आणि सुटल्याचं तिला फुटल्यावरच कळलं. त्या तुकड्यांकडं बघताना तिच्या मनात जे आलं ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. कपाच्या जागी बाळ असतं तर? वैशाखात बाळ येणार, आणि त्याला न्हाऊमाखू घालायला, तेल चोळायला, पायावर घ्यायला आत्या पाहिजे म्हणून तर अक्षता तिला ठेवून घेत होती. अक्षताला आई नव्हती. मनुबाईला लेकरू नव्हतं. एवढं साधं सरळ गणित, आणि मधी ही मनगटाएवढी जट, कमरेपर्यंत लोंबणारी. ठेवली तर बाळ हातात घेता येईना. उतरवली... उतरवली तर बाळ राहील का?

कारण धुळा राहिला नव्हता.

छप्पन साली त्यांच्या घरानं धम्म घेतला तेव्हा मनुबाई दहा वर्षांची होती. आप्पासाहेबाला नुकती मिसरूड फुटलेली, अंगात वारं. त्यानं देव्हाऱ्यातले टाक फडक्यात बांधले आणि कृष्णेच्या डोहात सोडून आला. आई उंबऱ्यात बसून होती. हात सारखे एकमेकांत चोळत होती. पुढं दोन वर्षांनी मनुबाईच्या डोक्यात जट आली तेव्हा आई जे बोलली ते सगळ्या आळीनं ऐकलं, "देव नदीत सोडलं आपुन, पर ती न्हाई गेली. ती पोरीच्या केसातनं माघारी आली." पोरगी देवीला सोडायची नाही, एवढं आप्पासाहेबानं वसकन सांगितलं, आणि ते पाळलं. त्याचे उपकार. पण जटेला कात्री लावायची छाती त्याचीही झाली नाही. झाली ती चार वर्षांनी, एकदाच. रागारागात उठला, चार केस कापले असतील नसतील, आणि त्याच आठवड्यात धाकटा भाऊ धुळा गेला. पाच वर्षांचं पोर, मनुबाईच्याच काखेत वाढलेलं. कात्री पडली ती पडलीच. आईनं ते चार केस पानात गुंडाळून जपून ठेवले होते.

मग मनुबाई ना देवाची झाली, ना घराची. सोयरीक आली होती एक, अर्जुना म्हणून, पलटणीत होता, दिसायला काळासावळा आणि हसरा... पाणी द्यायला ती बाहेर आली, पदर सरकला, त्याच्या आईनं जट बघितली आणि पोह्यांच्या बशीला हात न लावता मंडळी उठली. जाताना त्याच बाईनं वाकून मनुबाईच्या पाया पडून घेतलं. सून नको, पण आशीर्वाद पाहिजे. तशाच मग शुक्रवारी शुक्रवारी आयाबाया यायच्या, धम्म घेतलेल्यासुद्धा, तिन्हीसांजेला, कुणी बघत नाही असं बघून. जटेवर हळदीचं पाणी घालायच्या, कुंकू लावायच्या. मी बसायची. मान ताठ. पाणी पाठीवरनं कमरंपत्तुर जायाचं, गार गार... लाज वाटायची, आन् बरं बी वाटायचं. का खोटं बोलू? गावात बाईमाणसाच्या पाया कोण पडतंय!

टायगर विव्हळला. मनुबाई दचकून जागी झाली.

"दुखतं व्हय गं त्येला?"

"ओढ बसली जरा. चूक माझीच." अक्षतानं त्याच्या कपाळावर अंगठा फिरवला. "आत्या, बघ ना काय दशा झाली. एरवी आठवड्याला विंचरते मी. पण मार्गशीर्षात हा आजारी पडला, चार-पाच आठवडे अंगात ताप, नुसता पडून. आणि मला तेव्हा पाणी पचत नव्हतं. कोण विंचरणार? पडून पडून गुंता झाला."

"पाच आठवडं," मनुबाई म्हणाली.

"हो. आणि वर आमचे शहाणे! गुंता दिसला तसा मिलिंदनं त्याला बादलीभर पाण्यात बुचकळला, साबण लावला, चोळ चोळ चोळला. म्हणे स्वच्छ केला की सुटेल. सुटतोय कसला! गुरांच्या डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. म्हणाले, आधी गाठ सोडवायची, मग पाणी. गाठीवर पाणी घालाल तर ती आवळत जाते, दरवेळी जास्त. लोकरीचा बुरणूस कसा थापतात? पाणी मारून चोळूनच ना?"

आत गॅसवर दूध होतं. त्याचा वास आला तशी अक्षता कमरेवर हात ठेवून, भिंतीला धरून उठली. "आत्या, जरा धर गं त्याला. आणि जमलं तर एवढं कानामागचं बघ." फणी मनुबाईच्या हातात देऊन ती आत गेली.

मनुबाईनं फणी धरली. उजव्या हाताची दोन बोटं मेलेली होती, उरलेल्या तीन बोटांत धरली. टायगरनं डोकं तिच्या मांडीवर टाकलं. कानामागं बोट घातलं आणि ते तिथंच थांबलं. ओळखीचं होतं. तेच ते — कडक, दाबल्यावर दबणारं, आत उबदार. हे तिच्या बोटांना पाठ होतं. देवी कुत्र्याच्या अंगात येत नसती. तिनं मनातल्या मनात जीभ चावली, मग पुन्हा तेच म्हटलं, जरा सावकाश, म्हणून बघावं म्हणून.

पाच आठवडे.

तिलाही ताप होता की. विषमज्वर. हळदीचे दिवस, असेच, आणि ती बारा वर्षांची, कोपऱ्यात वाकळेवर. ताप कधी चढायचा, कधी उतरायचा, छपराचे वासे हलायचे, पाण्यात दिसावेत तसे... डोकं या कुशीवरनं त्या कुशीवर, दिवसभर, रात्रभर. आई परक्याच्या रानात हळद शिजवायला जायची, दिवस उगवायच्या आधी. संध्याकाळी येऊन कपाळावर हात ठेवायची. पिवळाधम्मक हात, धुरकट वासाचा. "उतरला का गं, माझ्या बाये?" पेज पाजायची आणि तिथंच आडवी व्हायची. केसांना हात लावायला तिला सवड नव्हती. ताप उतरला, मनुबाई उठून बसली, तेव्हा मानेमागं ते होतं. एवढंसंच होतं, लिंबाएवढं. आई ते बघून मागं सरकली. आणि पहिल्याच शुक्रवारी तिनं त्यावर हळदीचं पाणी घातलं. मग दर शुक्रवारी... वर्षाचे बावन्न. मनुबाईला हिशोब येत नव्हता, करायचाही नव्हता. आपण पाणी घालत होतो आणि ती वाढत होती. वाढत होती म्हणून आणखी पाणी.

चिमटीत मूळ धरलं. पावडर. शेंड्याकडून. कर्र. मेली बोटं वळत नव्हती, पण टायगर हलला नाही, डोळे मिटून पडून राहिला, विश्वासानं, येड्यागत. एक बट सुटली. दुसरी. मग अचानक सगळाच गोळा सैल झाला आणि दोन बाजूंना केस पडले, आणि मधे कातडी दिसली, गुलाबी, नाजूक, नुकत्या जन्मलेल्या पोराच्या टाळूसारखी. तिनं तिथं फुंकर घातली. टायगरच्या अंगावर शिरशिरी गेली आणि त्यानं असा लांब उसासा टाकला की मनुबाईला हसूच आलं.

हसता हसता ते मधेच कुठंतरी बदललं.

मग त्या बाया कुणाच्या पाया पडत हुत्या? अर्जुना कुणाला भिऊन उठला? तेहतीस वर्षं ती रोज झोपताना मनात म्हणत आली होती, धुळ्या, माझ्या केसापायी गेलास रं. चुलीपुढं म्हणायची, रानात म्हणायची, एस्टीत खिडकीशी बसून म्हणायची. धुळाला हगवण लागली होती. त्या पावसाळ्यात आळीतली तीन पोरं हगवणीनं गेली होती. ज्योतिबा परटाची पोरगी, आणि ते कुणाचं... तिसरं. त्यांच्या घरात कुणाला जट नव्हती. हे तिला ठाऊक होतं. पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. तरी कधी एकाशेजारी एक ठेवून बघितलं नव्हतं. धुळा हगवणीनं गेला. माझ्यापायी न्हाई. आजारानं गेला. तिच्या छातीवरनं काहीतरी उठल्यासारखं झालं, आणि ते उठल्यावर खाली जी जागा उरली ती इतकी मोठी, इतकी मोकळी होती की तिला भीती वाटली. सदतीस वर्षं. दोन्ही हातांत मावणार नाही एवढं आयुष्य, आणि ते कशासाठी? तर डोकं विंचरायला पाच आठवडे कुणाला वेळ झाला नाही म्हणून!

आये. नुसतं विंचरायचं हुतंस गं. तेल लावून, मांडीवर घिऊन, बसून एक दिवस. रडली असते मी, वरडली असते. वरडू द्यायचं.

"आत्या?" अक्षता दारात उभी होती, हातात दोन कप. "अगं बाई, सुटली की! तू सोडवलीस?" मग तिनं आत्याचं तोंड बघितलं आणि कप तिथंच उंबऱ्यावर ठेवले. "काय झालं? पोटात दुखतंय? हाताला कळ आली?"

मनुबाईनं मान हलवली. ती हो होती की नाही, तिचं तिलाच कळलं नाही. अक्षता विचारणार नाही म्हणाली होती आणि जटेचं ती विचारत नव्हती. आणि संध्याकाळ अजून लांब होती. सांगायचं काय ते सांगू, मनुबाईला वाटलं, सांगता येईल. पण आत्ता तिला अक्षता नको होती, कोणीच नको होतं. तिला आई पाहिजे होती. पिवळ्या हातांची, दमलेली, भ्यालेली, मरून वीस वर्षं झालेली. आयुष्यात एकदाही मनुबाई तिला उलटून बोलली नव्हती. आणि आता तिला आईशी भांडायचं होतं, पदर खोचून, आळी गोळा होईपर्यंत, लय भांडायचं होतं.