साहेबांच्या पोटावरचा बाण

आमची आई सर्जन आहे. हॉस्पिटलात तिला सगळे ‘तोफ’ म्हणतात; पाठीमागे, आणि तेही पुरेसं अंतर राखून. मीही तिथेच नोकरीला आहे, फक्त शत्रूच्या गोटात. व्यवस्थापक साहेबांची सहायक. म्हणजे घरी साहेबांची हेर आणि ऑफिसात आईची. पगार मात्र एकाच ठिकाणचा.

भांडण साधं होतं. पहिलं ऑपरेशन सकाळी आठला सुरू व्हायला हवं, ते आधी सव्वाआठला व्हायचं, हल्ली तर नऊपर्यंत रखडायचं. मग पुढची सगळी रखडत जायची आणि दिवसाच्या शेवटी कुणीतरी एक पेशंट, सकाळपासून उपाशी, ‘उद्या या’ ऐकून वॉर्डात परत जायचा. आईला हे सहन होत नसे. “माणसाला उपाशी ठेवून परत पाठवायला मी शिकले का?” असं ती घरी गॅसच्या शेगडीला विचारायची. शेगडी तिला घाबरून असे.

साहेबांचं म्हणणं, डॉक्टर वेळेवर येत नाहीत. डॉक्टरांचं म्हणणं, पेशंट थिएटरात वेळेवर येत नाहीत. म्हणून साहेबांनी रोज सकाळी साडेसातला चौथ्या मजल्यावर मीटिंग लावली: ऑपरेशनं उशिरा का होतात? टेबलाच्या एका बाजूला सर्जन, दुसऱ्या बाजूला अधिकारी, मधे बिस्किटं. बिस्किटांना कोणीच हात लावत नसे, कारण आधी कोणी लावायचा हा तत्त्वाचा प्रश्न झाला होता.

त्या सोमवारी आई उभी राहिली. “नदीपलीकडच्या हॉस्पिटलाने मला बोलावलंय. शुक्रवारपर्यंत हे सुधारलं नाही, तर मी चालले.”

साहेबांचा चेहरा पडला. तोफ गेली तर मागोमाग निम्मे सर्जन जातील, हे त्यांना माहीत होतं. माझाही पडला. आईने इथे जे उभं केलं होतं ते पाहत मी मोठी झाले होते. एरवी मी हे बोलून दाखवत नाही, कारण ती लगेच म्हणते, “मग आधी तुझी खोली आवर.”

“एकदा पेशंट होऊन बघा ना कोणीतरी,” मी पाणी ओतता ओतता म्हणाले.

“कोण?” साहेबांनी विचारलं.

सगळ्यांनी साहेबांकडे पाहिलं. साहेब हट्टाला पेटले. “ठीक आहे. उद्या मी झोपतो स्ट्रेचरवर. मॅडम, तुम्ही बरोबर चला. पण तोंडातून एक शब्द काढायचा नाही.”

“बघू,” आई म्हणाली. तिच्या मानाने हे वचनच होतं.

मंगळवारी साहेब वॉर्डात मागून उघडा असलेला गाऊन घालून पडले. आईच्या तोंडाला मास्क, डोक्याला टोपी. मी कागदोपत्री पेशंटची भाची. साहेब सगळ्यांना नोटिशींमधूनच माहीत. चेहऱ्याने ओळखणारे आम्ही चौथ्या मजल्यावरचेच.

“चला, निघू या,” साहेब म्हणाले.

“कुठे निघालात, काका?” सिस्टरने त्यांना परत आडवं केलं. “कापायच्या जागी पोटावर खूण झाल्याशिवाय पेशंट हलवायचा नाही. सर्जनने स्वतः करायची. तोफेचा नियम आहे.”

“मग करा ना खूण!”

“तोफ मीटिंगमध्ये आहे.”

“कसली मीटिंग?”

“ऑपरेशनं उशिरा का होतात, त्याची.”

आईने मास्क खाली केला. सिस्टरच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. आई मात्र पेन उघडून साहेबांच्या पोटावर एक ठसठशीत बाण काढत होती.

“मॅडम, मला काही झालेलं नाही!”

“नियम म्हणजे नियम, साहेब.”

स्ट्रेचर लिफ्टपाशी आलं. लिफ्ट उघडी, रिकामी, आणि दारात रात्रपाळीहून आजच सकाळपाळीला आलेला लिफ्टमन आडवा हात लावून उभा.

“आत्ता नाही मिळणार. साहेबांसाठी थांबवून ठेवलीय. मीटिंगला उशीर नको म्हणून नोटीस आहे.”

“अहो, मीच साहेब!” स्ट्रेचरवरून आवाज आला.

“हो हो, काका,” लिफ्टमन मायेने म्हणाला. “भुलीचं औषध दिलं की होतं तसं.”

“अजून दिलेलं नाही!”

“अरे बापरे,” तो माझ्याकडे वळला. “मग डॉक्टरांना सांगा हो.”

मी भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. खांदे हलत होते, पण भाची रडत असावी असा त्याचा समज झाला आणि त्याने मला पाणी दिलं.

शेवटी साहेब उठले, गाऊन मागून मुठीत धरला आणि जिन्याने वर निघाले. मागे आई, मागे मी. मीटिंगच्या खोलीत सर्जन आणि अधिकारी समोरासमोर बसून आमची वाट बघत होते.

“कारण सापडलं,” साहेब धापा टाकत म्हणाले. “ही मीटिंग. पंधरा मिनिटांचा उशीर हिने तासाचा केला. सर्जन इथे, लिफ्ट खाली, पेशंट अधांतरी. कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण सगळे मीटिंगमध्ये होते. लिफ्टची नोटीस माझी. चूक माझी.”

मागून उघड्या गाऊनमध्ये, भर सभेत, एक माणूस असं बोलला. मला वाटलं, आपण बऱ्या माणसाकडे नोकरी करतो.

मग आई पुढे आली. ही बाई म्हणजे पायाला दार लागलं तर दारालाच दम देणारी. ती म्हणाली, “आणि मी रोज इथे बसून तुम्हाला दोष देत होते. तेवढ्या वेळात माझ्या खुणा झाल्या असत्या. अर्धी चूक माझी.”

आणि तिने बिस्कीट उचललं. अर्धं साहेबांना दिलं. खोलीत आधी कुजबुज झाली, मग बशी रिकामी.

मीटिंग दुपारी गेली, ऑपरेशन थिएटरच्या बाहेर, उभ्या उभ्या, बिनाटेबलाची. लिफ्टची नोटीस साहेबांनी स्वतः भिंतीवरून काढून टाकली. लिफ्टमनने त्यांना आधी अडवलं, ती गोष्ट वेगळी.

शुक्रवारी आठला पहिलं ऑपरेशन सुरू झालं आणि संध्याकाळी शेवटचा पेशंटही आत गेला. कोणीही उपाशी परतलं नाही. आई बाहेर आली तेव्हा साहेब दारातच उभे होते.

“मग, मॅडम? नदीपलीकडे?”

“पोट दाखवा आधी.”

साहेबांनी इकडेतिकडे बघून शर्ट जरा वर केला. बाण अजून तसाच होता.

“शाई चांगली आहे तुमच्याकडे,” आई म्हणाली. “राहते मी.”

लिफ्टमन हे बघत होता. “ती माझी आई,” मी त्याला सांगितलं. मग जरा थांबून म्हणाले, “आणि ते आमचे साहेब.”

“खरंच?” तो म्हणाला.