मामाची साक्ष

सिद्धप्पाला जनाची नव्हती आणि मनाचीही नव्हती. वळसंगचा हा मेंढपाळ. बायको मेली, वर्षाच्या आत दुसरी आणली. मग तिच्या चाळिशीतल्या भावाच्या गळ्यात पंधरा वर्षांची मायाक्का बांधायला निघाला. पोर नको म्हणाली, तर मेला चुलीतलं पेटतं लाकूड घेऊन अंगावर धावला. मायाक्का पळाली ती थेट सोलापुरात मामीच्या दारात.

मामी तानाबाई विधवा, विड्या वळून पोट भरणारी. भाकरी अर्धी द्यायची, शिव्या मात्र पोटभर. "आईबापाकडं ऱ्हाता येत न्हाय असल्या पोरास्नी सरकार महिन्याला पैसं देतंय म्हनं. मिळालं तर ऱ्हा, न्हायतर जा बापाकडं!"

मायाक्कानं अर्ज केला. चौकशीच्या दिवशी मामीला कचेरीच्या दाराशी बसवलं. आत साहेबांपुढं मायाक्का, आणि बापही नवा पटका बांधून हजर.

"सायेब, ही कसली निराधार? हिची सुपारी फुटलीया. सासरची झाली ती."

साहेबांनी पेनाला टोपण लावलं. लग्न ठरलेल्या मुलीला सरकारी मदत कशाला? मायाक्कानं ओळखलं. आता त्या थोराड बाप्याचीच चूल फुंकायची.

"सुपारीला कोण कोण होतं?" साहेबांनी उगाच विचारलं.

"पोरीचा सख्खा मामा की! मामाबिगर सुपारी फुटती व्हय?"

घ्या! जिभेला हाड नसलं की असं होतं. रीत सांगायला गेला आणि रीतीतच सापडला.

बापापुढं कधी मान वर न केलेली मायाक्का ताडकन उठली. "आबा, मामा दुष्काळात खडी फोडताना मेला. तुमीच मातीला आला व्हता की!"

तशी तानाबाई दारातून आत घुसली. "मुडदा बशिवला तुजा! माज्या मेलेल्या नवऱ्याला खोट्या साक्षीला उबा करतूस?" आणि तिनं मायाक्काची बाही खसकन वर ओढली. "ह्ये बगा सायेब, बापाची माया!"

दंडावरचे भाजल्याचे डाग साहेबांनी बघितले. टोपण काढलं आणि लिहायला लागले.

"तू मला मेलीस," म्हणून बाप दारात थुंकला आणि निघून गेला. मायाक्काला वाईट वाटलं नाही. हायसं वाटलं.

रस्त्यानं मामी पुढं, ती मागं.

"लई हरकू नगंस. पैसं आलं तरी भांडी तूच घासायचीस."

"व्हय मामी."

"आन् न्हाय आलं..." मामी थांबली. "तरीबी तूच घासायचीस. चल बिगीनं."