ग्रँड-फा-दर, तीन टाळ्या

अकोल्याच्या त्या इंग्रजी शाळेत बालवाडीच्या बाईची जागा निघाली, अन् मी, बार्शीटाकळीची चंदा, फळ्यापुढं उभी! समोर बारा लेकरं, मोठ्या मॅडम, अन् दारातल्या खुर्चीवर माह्ये सासरे. मोटरसायकलवर त्यांनीच आणलं. निघतानाच बजावलं होतं, "एकडाव पाहू. नाही जमलं त हे खूळ सोडाचं, वावरात चालाचं."

आठ दिवस माही पोरगी आकांक्षा मले शिकवून राहिली होती. शब्दाचे तुकडे कराचे, दर तुकड्याले एक टाळी. ग्रँड-मा-दर. ग्रँड-फा-दर. 'ग्रँड'वर जोर द्याचा. "आई, 'दर' हळू म्हण नं, दार आपटल्यावाणी काहून म्हणतं?" लय शहाणी कार्टी!

लेकरांनी माह्यासंग टाळ्या वाजवल्या, तसा जीव जरासा भांड्यात पडला. तेवढ्यात मॅडम म्हणाल्या, "आता घरच्यांची ओळख करून द्या. तुमच्या मुलीच्या ग्रँडफादरचं नाव काय? तेही तुकडे करून म्हणा, मुलांना मजा येईल."

मेली मी! लग्नाले बारा वर्षं झाले, पण सासऱ्याचं नाव तोंडातून काढलं नाही. आमच्यात सून घेतच नाही. राशनच्या दुकानात बी शेजारणीले सांगाले लावतो. घेतलं त घरात महाभारत, नाही घेतलं त नोकरी गेली. मॅडम घड्याळ पाहून राहिल्या होत्या.

मी डोळे मिटले. "खु-शाल-राव." तीन टाळ्या. लेकरं खदखदून हसले अन् माह्या मागं वरडले, "खु-शाल-राव!"

डोळे उघडले त दारातली खुर्ची रिकामी.

"सोमवारपासून या," मॅडम म्हणाल्या. मले कायचा आनंद! बाहेर मोटरसायकलपाशी ते पाठ करून उभे होते. आता मारतात का इथंच सोडून जातात, काही समजेना.

"मामाजी, चुकलं माह्यं," मी कशीबशी म्हटलं.

त्यांनी गाडीचा आरसा उगाच सारखा केला. मंग म्हणाले, "माय गेली तवा मी सात वर्षांचा होतो. तिच्यामागं एकाही बाईमाणसानं मले नावानं हाक नाही मारली, पोरी."

दुपट्ट्यानं डोळे पुसले, गाडीले किक मारली. "घरी सांगू नको. रुख्मिणीले वाईट वाटीन."

रुख्मिणी म्हणजे माह्या सासूबाई. ते नाव त्यांच्या तोंडून मी बी कधीच आयकलं नव्हतं.