ठरवून दिलेला प्रश्न

मोशीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मिनल प्रयोगशाळेत शिकवायला मदत करायची, तीही कंत्राटावर. आज वरिष्ठांसमोरचं डेमो लेक्चर नीट झालं तर दुसऱ्या वर्षाचा वर्ग मिळणार, नाहीतर कंत्राट संपलं की घरी. तिकडे रहाटणीत तिच्या बाबांनी, भिवा कांबळेंनी, पोरगी प्रोफेसर झाली म्हणून गल्लीभर सांगूनही टाकलं होतं. बापाला दम कुठला!

शिकवायची तिला भीती नव्हती. भीती होती प्रश्नांची. डेमोत सगळे शिक्षक विद्यार्थी होऊन बाकांवर बसत आणि नव्या माणसाला प्रश्नांनी सोलून काढत. मागच्या खेपेला एक जण खडू टाकून चालता झाला होता. म्हणून मिनल आणि तिच्यासारखीच कंत्राटी दिव्या, दोघींनी शक्कल लढवली. दिव्यानं सगळ्यांआधी हात वर करून विचारायचं, एवढ्या कमी भारानं गाडीची चाकं फिरवणारा शाफ्ट तुटतो कसा? उत्तर मिनलला तोंडपाठ होतं: भार कमी असला तरी पुन्हा पुन्हा पडला की धातू थकतो.

मिनलनं फळ्यावर विषय लिहिला, धातूचा थकवा. ती वळते न वळते तोच दिव्याचा हात वर.

"मॅडम, पण एवढ्या कमी भारानं शाफ्ट तुटतो कसा?"

शाफ्टचं अजून नावसुद्धा निघालं नव्हतं. घाबरून दिव्यानं घाई केली होती.

पहिल्या बाकावरचे ज्ञानदेव सर सावकाश मागे वळले. नव्या शिक्षकांना तयार करायचं आणि कुणाला वर्ग द्यायचा ते ठरवायचं काम त्यांच्याकडे होतं आणि त्यांच्या आवाजाला अख्खं कॉलेज टरकून असायचं.

"कुठला शाफ्ट, दिव्या मॅडम?"

दिव्या पांढरीफटक पडली. आपण गप्प राहिलो तर सगळं हिच्यावर शेकणार, हे मिनलला कळलं. ती पुढे झाली.

"सर, प्रश्न मीच दिला होता तिला. मला तुम्हा सगळ्यांच्या प्रश्नांची फार भीती वाटते."

शेजारच्या बाकावरचे रविराज सर खुदकन हसले. ज्ञानदेव सर हसले नाहीत.

"मग आता माझा घ्या. एकाच पोलादाचे, एकाच मशीनवर केलेले दहा शाफ्ट. त्यातला कुठला आधी तुटणार, हे आज सांगता येईल?"

गेला वर्ग, गेलं कंत्राट. बाबांना काय तोंड दाखवायचं?

"मला नाही येत, सर."

"कुणाला येतं?"

रविराज सर चष्मा पुसायला लागले. एकेक मान खाली गेली. इतकी वर्षं शिकवणारी माणसं, पण आपल्याला विचारतील या भीतीनं सगळ्यांची तोंडं उतरली होती. मिनल बघतच राहिली.

"मलाही येत नाही," सर म्हणाले. "पोरं असलं काही विचारायची, तेव्हा मी ओरडून गप्प करायचो त्यांना. अजूनही करतो. घाबरतो हो मी."

सरांनी समोरची वही मिटली.

"सोमवारपासून दुसरं वर्ष तुमचं," सर मिनलला म्हणाले. "पण तुमचा तास झाला की माझ्या वर्गात येऊन बसायचं. मी पोरांवर ओरडायला लागलो, की उभं राहायचं."

भर वर्गात ज्ञानदेव सरांना थांबवायचं!

"राहीन, सर," ती म्हणाली.