पतीचा मोबाइल क्रमांक

मी एक रकाना. मेंढ्यांच्या लसीकरणासाठी जो ऑनलाइन अर्ज भरतात, त्यात राहतो. माझं नाव ‘पतीचा मोबाइल क्रमांक’.

परभणीच्या एका कचेरीत अबोली मॅडमनी मला जन्म दिला. जावास्क्रिप्टमध्ये माझा नियम लिहिला: ‘स्त्री’ आणि ‘विवाहित’ निवडलं की मी उघडायचं, दहा आकड्यांचा खरा नंबर मिळाल्याशिवाय अर्ज पुढे सोडायचा नाही.

“विधवांचं काय, सर?” मॅडमनी विचारलं.

“लग्न झालंय ना त्यांचं? मग विवाहितच. उगा पर्याय वाढवू नका,” काशीनाथ साहेब म्हणाले. तपासणी त्यांनीच केली. स्वतःचं नाव भरलं, ‘पुरुष’ निवडलं. मी उघडलोच नाही. साहेब खूश.

पहिल्यांदा मला उघडलं ते चारठाण्याच्या भिवराबाईनं. गावात मेंढ्यांमध्ये रोगाची साथ आली होती, तिच्या दोन मेल्या होत्या. लसीची गाडी गुरुवारी येणार, पण फक्त अर्ज भरलेल्यांसाठी. सेवा केंद्रातल्या निकितानं विचारलं, “मावशी, काकांचा नंबर?”

“त्ये जाऊन चार वर्सं झाले, बाई.”

निकितानं दहा शून्यं टाकली. मी लाल झालो. रेघ टाकली, पुन्हा लाल. भिवराबाईचाच नंबर टाकला, तर म्हणालो, हा आधीच वापरलाय. मला तेवढंच शिकवलेलं.

“अविवाहित करू का?”

“तीन लेकरं झाल्यावर कुवारी व्हऊ व्हय गं?”

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं थेट कचेरीत आली.

“सिस्टीम घेत न्हाई, बाई,” साहेब म्हणाले.

“मग तुमीच लावा त्येन्ला फोन. उचलला तर म्या बी बोलते. लय बोलायचं ऱ्हायलंय.”

साहेब फायलीत बघू लागले. अबोली मॅडमनी न विचारताच लॅपटॉप उघडला, ‘विधवा’ हा पर्याय घातला आणि तो निवडला की मला लपवायचं ठरवलं. दोन ओळींचं काम. अर्ज गेला. गुरुवारी तिच्या तेवीस मेंढ्यांना लस मिळाली.

आता मी बऱ्याचदा लपलेलाच असतो. बरं वाटतं. फक्त एक विनंती आहे: कुणाला अडवायला आम्हा रकान्यांना बसवण्याआधी, एकदा त्या माणसाच्या जागी बसून अर्ज भरून बघा.

साहेबांपर्यंत ही विनंती पोचलेली दिसत नाही. काल त्यांनी विधवांसाठी माझ्या खाली नवा रकाना बसवायला सांगितला. सक्तीचा. नाव आहे, ‘पतीचे संमतीपत्र’.