शिट्टीचा हेवा

मी एक जुना क्लॅरिनेट आहे. मलकापूरच्या एका बँड पार्टीत माझे सारे आयुष्य गेले. मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मी स्वभावाने फार हेवेखोर आहे. दुसऱ्याचे कौतुक झाले की माझ्या पोटात दुखते.

काळ्या लाकडाला चकचकीत चाव्या बसवून मला घडवले. मिरजेच्या दुकानातून मी थेट हंबीररावांच्या हाती पडलो. सगळे त्यांना तात्या म्हणत. तेव्हा त्यांच्या मिशा काळ्याभोर होत्या. त्यांनी फुंकर घातली की नवरीच्या आईचे डोळे भरून येत. आमचा मालक मानसिंग याच्या लग्नातही आम्हीच वाजलो.

मग बँडच्या गाडीवर कीबोर्ड आला. त्याला मखमली झाकण, मला मात्र तीच उसवलेली पेटी. मी जळून खाक झालो. आता आपली गच्छंती होणार, या धास्तीने झुरू लागलो. तात्यांना याचे काहीच वाटत नसे. ते आपले माझ्या तोंडाशी बसवलेली वेताची पत्ती ओली करून सूर लावत.

गेल्या वैशाखात मानसिंगने तात्यांना मिशांना कलप लावायला सांगितले. वऱ्हाडी मोबाईलवर चित्रण करतात, त्यात म्हातारा माणूस बरा दिसत नाही म्हणे. तात्यांनी निमूटपणे लावला. भर उन्हाच्या वरातीत तो कलप घामाने ओघळला आणि पांढऱ्या कोटावर काळे थेंब पडले. लोक हसले. सूर मात्र एकही चुकला नव्हता, हे मी शपथेवर सांगतो.

पुढे खंडेनवमी आली. त्या दिवशी सगळी वाद्ये सतरंजीवर मांडून त्यांची पूजा होते. यंदा माझी जागा कीबोर्ड बळकावणार, अशी माझी खात्रीच होती. पण मानसिंगने मला घासूनपुसून मधोमध ठेवले, झेंडूची माळ घातली. मी मनातल्या मनात कीबोर्डला वाकुल्या दाखवल्या. तेवढ्यात मानसिंग तात्यांकडे वळला.

"तात्या, वाद्य जुनं असलं तर लोकास्नी भारी वाटतं. माणसाचं तसं न्हाई. आता तुमी घरी बसा. हा तरणा साईराज वाजवंल."

"माझा दम कमी पडला का?"

"दमाचं न्हाई तात्या, वयाचं हाय."

"तुझ्या लग्नात ह्याच मिशा हुत्या रं," तात्या म्हणाले.

मानसिंगने मान खाली घातली, पण शब्द मागे घेतला नाही. तात्यांनी मला हळद-कुंकू वाहिले, हात जोडले आणि चपला घालून निघून गेले. ती माळ मला नकोशी झाली.

साईराज वाईट वाजवत नाही. कष्टाळू आहे बिचारा. तरी त्याची फुंकर मला अजून परकीच वाटते.

परवा कराडजवळ एका कार्यालयात लग्न होते. फाटकात रखवालदाराच्या निळ्या कपड्यांत तात्या उभे होते. मिशा पांढऱ्याशुभ्र, तोंडात लाल प्लॅस्टिकची शिट्टी. आमची वरात आत यावी म्हणून त्यांनी गाड्या अडवल्या आणि शिट्टी फुंकली. फुंकर लांब होती, कुठेही न थरथरता गेली. तो दम मी लगेच ओळखला.

मित्रांनो, खंडेनवमीला अवजारांना झेंडू जरूर वाहा. पण त्यांना ज्यांनी बोलते केले, त्या माणसांना केस पिकले म्हणून उठवून लावू नका. मी आयुष्यभर पुष्कळांचा हेवा केला. पण परवा वरातीच्या मधोमध मिरवताना मला त्या शिट्टीचा जेवढा हेवा वाटला, तेवढा कुणाचाच वाटला नव्हता.