मेंढराची जागा

वडीगोद्रीपासून आत तीन कोसांवर असलेल्या त्या गावात ख्रिस्ती घरं एकेकाळी सतरा होती. अठ्ठ्याण्णव साली एकच उरलं होतं, आणि त्या एका घरात एकटी सत्यशीलाबाई. बाकीचे कुणी जालन्याला, कुणी औरंगाबादला, कुणी थेट पुण्याला पोटामागं गेले. ख्रिस्ती देऊळ, म्हणजे चर्च, मात्र जागचं हललं नव्हतं. तिच्या आजेसासऱ्यानं आणि त्याच्या सोबत्यांनी ओढ्यातले दगड डोक्यावर वाहून तेवीस साली ते उभं केलं होतं. पाळकसाहेब महिन्याच्या पहिल्या रविवारी मोटारसायकलवर येत, उपासना घेत, चहा पिऊन निघून जात. उरलेल्या रविवारी सत्यशीलाबाईच कुलूप काढायची, बाकं पुसायची, एकटीच प्रार्थना म्हणायची आणि स्वतःच ‘आमेन’ म्हणून घराकडं वळायची.

घरी आली की कॅसेट लावायची.

कॅसेटीत तिचा नवरा होता. कडूबाचं कीर्तन म्हणजे परतूरपासून अंबडपर्यंत माणसं बैलगाडी जुंपून ऐकायला यायची. बायबलातली गोष्ट तो अशी गायचा, की ख्रिस्ती नसलेले म्हातारेही उपरण्यानं डोळे पुसायचे. त्याचं सगळ्यात गाजलेलं आख्यान हरवलेल्या मेंढराचं. कडूबा मेंढपाळ व्हायचा, कपाळावर हात धरून लांब बघायचा आणि आळवायचा,

“कुठं गं कुठं, माझं मेंढरू कुठं?”

की बायकांच्या बाजूनं, टाळ वाजवत, सत्यशीलाबाईचा बारीक आवाज यायचा,

“इथं काट्यात मी, धन्या, इथं काट्यात मी.”

एकतीस वर्षं तिनं हे मेंढरू केलं. घरातही तसंच. कडूबा बाहेरून येऊन “कुठं गं?” म्हणायचा आणि ती चुलीपुढून म्हणायची, “काट्यात.”

सत्त्याऐंशी साली नवीन जालन्यात, एका शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत हे आख्यान कॅसेटवर भरलं. भरणारा माणूस म्हणाला, “बाई, तुमच्या टाळानं माईक फुटून राह्यलाय. तुम्ही बाहेर बसा.” ती जिन्याच्या पायरीवर मांडीवर टाळ घेऊन बसली. आत कडूबा गायला लागला. आळवून झालं की सवयीनं थांबायचा, मेंढराच्या ओळीएवढा वेळ सोडायचा, मग पुढं जायचा.

“महाराज, मधी मधी थांबू नका. टेप रिकामी जाऊन राह्यलीय.”

“थांबल्याबिगर मेंढरू बोलंल कसं?” कडूबा म्हणाला.

चार वर्षांनी कडूबा गेला. कॅसेटीत त्याच्या थांबण्याच्या रिकाम्या जागा राहिल्या. दर रविवारी तो आळवायचा, थांबायचा आणि सत्यशीलाबाई आपली ओळ म्हणायची. शेजारची मालनबाई एकदा भिंतीवरून डोकावून म्हणाली, “कोन आलंय गं घरी? बोलायचा आवाज येऊन राह्यला.”

“हेच आलेत,” सत्यशीलाबाई म्हणाली.

देवळाला पंच्याहत्तर वर्षं झाली, तेव्हा बाहेरगावी गेलेल्यांनी सण करायचा ठरवला. देवाघरी गेलेल्यांची नावं वाचायची आणि कडूबाचं कीर्तन लावायचं. कॅसेट न्यायला पुतण्या बर्णबा आला. तो नवीन जालन्यात बियाण्याच्या कंपनीत कामाला होता. ती कॅसेट सात वर्षांत घराबाहेर गेली नव्हती. तिनं ती रुमालात बांधून दिली.

आठ दिवसांनी त्यानं ती नव्या डबीत घालून आणली. डबीवर कडूबाचा फोटो.

“काकू, बिलकुल साफ करून आणलीय. मधी वीसेक जागा खाली होत्या, समद्या काढून टाकल्या. आता कसं सलग चालतंय बघा.”

“आन् जुनी?”

“त्याच कॅसेटवर भरलं की पुन्हा. जुनं कशाला ठेवायचं?”

त्याच्या तोंडावर एवढं कौतुक होतं, की ती नुसतं म्हणाली, “बस. चहा ठेवते.”

तो गेल्यावर तिनं कॅसेट लावली. “माझं मेंढरू कुठं?” कडूबानं आळवलं. तिनं तोंड उघडलं तोवर तो डोंगर उतरून ओढ्यापाशी पोचला होता. तिनं पुन्हा लावून बघितली. तो हाका मारत होता आणि कुणाचीच वाट न बघता पुढं पळत होता. तिनं टाळ खुंटीला अडकवला. नवरा गेला त्या दिवशीही घर एवढं रिकामं वाटलं नव्हतं.

सणाच्या दिवशी देऊळ भरलं. पाळकसाहेबांनी नावं वाचली. कडूबाचं नाव आलं तेव्हा ती उभी राहिली, बसली. मग बर्णबानं आणलेल्या मोठ्या टेपवर कीर्तन सुरू झालं. माणसं माना डोलवायला लागली. “कुठं गं कुठं...” कडूबा म्हणाला आणि पुढं गेला. दुसऱ्यांदा म्हणाला आणि पुढं गेला. हाक मारणाऱ्याला कुणी ओ देत नाही, हे त्या भरल्या देवळात कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

सत्यशीलाबाई उठली. पदर खोचून पुढं गेली.

“पाळकसाहेब, जरा सरका.”

ती टेपापाशी खाली बसली. तिसऱ्यांदा हाक आली आणि तिनं थांबवायचं बटण दाबलं.

“लाईट गेली काय गं?” मागून मालनबाई म्हणाली. पंखा तर फिरत होता.

“इथं काट्यात मी, धन्या, इथं काट्यात मी,” सत्यशीलाबाई म्हणाली. आवाज चिरकला होता, पण सूर बराबर होता. तिनं बटण पुन्हा दाबलं. कडूबा ओढ्यापाशी गेला.

मग प्रत्येक हाकेला तसंच. बटण, ओळ, बटण. बर्णबा भिंतीला टेकून उभा होता. चौथ्या की पाचव्या वेळी त्याचा चेहरा उतरला. तो वाकून हळूच म्हणाला, “काकू, त्या जागा तुमच्या होत्या व्हय?”

तिनं त्याच्याकडं बघितलं नाही. अंगठा बटणावर होता आणि हाक यायचीच होती.

शेवटची हाक आली. तिनं बटण दाबलं, ओळ म्हटली. एकतीस वर्षं तिचा श्वास संपायच्या आत कडूबाची पुढची ओळ यायची. उभ्या जन्मात तिनं त्याला कधी थांबवलं नव्हतं. आज तो थांबून होता, ती म्हणेल तेवढा वेळ. पाळकसाहेब खोकले.

मग तिनं अंगठा पुन्हा दाबला.

“सापडलं,” कडूबा गायला लागला, “सापडलं गं सापडलं.”